डोंगराच्या पोटांतील पाणी

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोठून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, ह्याची हकीगत द्यावी असा प्रघात आहे. व ती ह्या पुस्तिकेच्या इतर पानांवर वाचकांस मिळेलच. आमच्या वांट्यास आलेलीं हीं चार पानें मात्र आम्ही एका वेगळ्या इतिहासास देत आहों. तो इतिहास पाण्याचा आहे, आणि पाण्यासाठीं डोंगर राखूं पाहणाऱ्या साध्यासुध्या शेतकऱ्यांचा आहे. आपल्या मंडळींपैकीं ज्या कुटुंबांचें मूळ गोमंतकांत आहे त्यांना तो परका वाटणार नाहीं. जे अस्सल भिवंडीकर आहेत त्यांनींही तो वाचावा, ह्याचें कारण आधीं सांगतों.

यंत्रमागांचा खडखडाट हा भिवंडीचा दिवसरात्रीचा सोबती; पण सूत जसें बाहेरून यावें लागतें तसें येथील पाणीही बहुतेक बाहेरूनच येतें. कामतघरचा वऱ्हाळा तलाव हा गांवचा जुना आधार. वस्ती वाढली तसें त्यावर भागेना, आणि दुरून आणलेल्या पाण्यावर आपली मदार राहिली. आपल्याच तालुक्यांतून मुंबईस जाणारे मोठाले नळ लहानपणापासून आपण पाहत आलों आहों. तानसा धरण इ. स. १८९२ मध्यें पुरें झालें. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ मध्यें झाला. पुढें भातसा आलें. ह्या तलावांभोंवतालचें रान सरकारनें राखलें, व १९७० मध्यें तानसा अभयारण्यही जाहीर झालें. कारण उघड आहे. ज्या डोंगरावरचें पाणी मुंबईसारख्या नगरीच्या घशांत उतरतें, त्या डोंगराला सुरुंग लावण्याची कोणाची छाती होत नाहीं. पण ज्या डोंगराचें पाणी केवळ खालच्या चार वाड्यांच्या खाचरांत आणि विहिरींत उतरतें, त्याचा वाली कोण? (आणि राखलेलें पाणी सर्वांस मिळतें असेंही नाहीं. शहापूर तालुक्यांत धरणाच्या कांठचे पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बसतात, हें आपण दरसाल ऐकतों.) हा प्रश्न गोमंतकांत लोखंडाच्या खाणींनीं उभा केला, आणि तेथील खेड्यांनीं त्याला जें उत्तर दिलें तें लिहून ठेवण्यासारखें आहे.

गोमंतकाचा समुद्रकांठ सर्वांच्या परिचयाचा आहे. पूर्वेकडचा डोंगराळ मुलूख तितकासा नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्यालगत डिचोली, सत्तरी, सांगें व केपें ह्या तालुक्यांतून वायव्येकडून आग्नेयेकडे खनिजाचा एक पट्टा गेला आहे. वर जांभ्या दगडाचें कवच, व त्याखालीं लोखंडाचें खनिज. कोठें तें घट्ट दगडासारखें, तर कोठें भुकटीसारखें मऊ. ह्या मुलखांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळें पाणी त्यांतून खालीं झिरपतें, भुकटीच्या थरांत सांठतें, खालची चिकणमाती त्याला अडवून धरते, आणि मग डोंगराच्या पायथ्याशीं तें झऱ्यांच्या रूपानें हळूहळू बाहेर येतें. चैत्र-वैशाख तापले तरी ह्या झऱ्यांना पाणी असतें. त्यांवर दऱ्यांतील कुळागरें पोसलीं आहेत. कुळागर म्हणजे सुपारी, नारळ, केळी व मिरवेल ह्यांची एकमेकांच्या सावलींत वाढलेली बाग. तिला बाराही महिने ओलावा पाहिजे. एका उन्हाळ्यांत पाट सुकला तर दोन पिढ्यांची मेहनत वाळून जाते.

आतां दुर्दैव असें कीं, जें खनिज तेंच पाण्याचें कोठार. एक काढून दुसरें ठेवतां येत नाहीं. खाणवाला प्रथम झाडी काढतो, मग जांभा फोडतो, आणि मग पायऱ्यापायऱ्यांनीं खालीं जातो. खोली पाण्याच्या पातळीखालीं गेली कीं खड्डा भरूं लागतो. तो कोरडा ठेवण्यासाठीं पंप लावावे लागतात. हे पंप केवळ खड्ड्यांतलें पाणी काढीत नाहींत. भोंवतालच्या विहिरींचें व झऱ्यांचें पाणीही ते ओढून घेतात. खाणवाला म्हणतो, मी तर मला नको असलेलें पाणी बाहेर टाकतों. शेतकरी म्हणतो, तें नको असलेलें पाणी माझ्या विहिरीचें होतें.

शिवाय एक टन खनिजामागें दोन-तीन टन निरुपयोगी माती व दगड निघतो. ती माती कोठें तरी टाकलीच पाहिजे. ती बहुधा शेजारच्या उतारावर टाकली जाते, आणि त्या ढिगांचे नवे डोंगर होतात. झाडाझुडपांनीं धरून न ठेवलेले हे ढीग पावसाळ्यांत वाहूं लागतात. तांबडा गाळ ओढ्यांत, ओढ्यांतून खाचरांत आणि खाचरांतून नदींत जातो. भाताच्या शेतांत तो बसला कीं वाळून कवचासारखा कठीण होतो, व नांगराला दाद देत नाहीं. मांडवी व जुवारी ह्या नद्यांवरून खनिजाचीं बार्जें मुरगांव बंदराकडे जात असत, तीं परदेशच्या प्रवाशांना मोठीं प्रेक्षणीय वाटत. त्याच नद्यांचें पाणी वरच्या अंगास पिण्यासाठीं उचललें जातें, हें त्यांच्या लक्षांत येण्याचें कारण नव्हतें.

ह्या सर्वाचा आरंभ कसा झाला तें थोडक्यांत पाहूं. गोमंतकांत गांवची जमीन ही मूळची गांवकरीची. गांवकरी म्हणजे गांव प्रथम वसविणाऱ्या घराण्यांची सामाईक संस्था. इ. स. १५२६ मध्यें अफोन्सो मेशिया ह्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें तिचे रीतिरिवाज लिहून काढून त्यांस मान्यता दिली, तेव्हां ती आधींच पुरातन झाली होती. खाडीकांठचे बांध घालणें, खाऱ्या पाण्याला अडविणाऱ्या मानशी राखणें, पाट साफ ठेवणें हीं कामें गांवकरी करीत असे. डोंगरही तिच्याच नजरेखालीं असे; तेथें गुरें चरत, सरपण मिळे, आणि डोंगरावरचें रान तोडलें तर खालचा पाट आटतो हें सांगायला कोणा पंडिताची गरज नसे.

पुढें २० सप्टेंबर १९०६ चा पोर्तुगीज खाणकायदा आला, आणि ह्या डोंगराचे दोन तुकडे झाले. वरचा तुकडा जमिनीच्या धन्याचा, खालचा सरकारचा. खालच्या तुकड्याची सनद ज्याला मिळाली, ती त्याला कायमची मिळाली. कागदावर हा भेद सोपा आहे. प्रत्यक्षांत वरचा तुकडा उचलून बाजूला ठेवल्याशिवाय खालचा काढतां येत नाहीं, आणि दोहोंच्या मधून वाहणाऱ्या पाण्याचें नांव त्या सनदेंत कोठेंच नव्हतें. आमच्या मतें पुढच्या साऱ्या भांडणाचें बीज ह्या एका विसरांत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला आपले कारखाने पुन्हां उभारण्यासाठीं लोखंड हवें होतें, आणि गोमंतकाच्या खाणींना गिऱ्हाईक मिळालें. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवें मुक्त झालें. सनदा मात्र चालूच राहिल्या. १९८७ मध्यें संसदेनें कायदा करून त्या रद्द केल्या व त्यांचें रूपांतर भारतीय कायद्याप्रमाणें मुदतीच्या लीजांत केलें. तेथवर काम एका मर्यादेंत होतें. खरा पूर आला तो नव्या शतकांत. चीन देशांत पोलादाची भूक एवढी वाढली कीं, जें हलक्या प्रतीचें खनिज पूर्वीं कोणी घेत नसे व ढिगाऱ्यांत फेकलें जाई, त्यालाही भाव आला. बंद पडलेल्या खाणी उघडल्या, जुने ढीग उपसले गेले, आणि ज्या गांवांनीं आजवर फक्त नांवापुरती सनद ऐकली होती त्यांच्या दारांत एका सकाळीं यंत्रें येऊन उभीं राहिलीं. २०१०-११ सालीं गोव्याच्या बंदरांतून पांच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशीं गेलें. तें सारें खेड्यांतल्या अरुंद रस्त्यांवरून ट्रकांनीं नदीपर्यंत यावयाचें. शाळेंत जाणारीं मुलें त्या तांबड्या धुळींतून वाट काढीत.

डिचोली तालुक्यांतील शिरगांव हें लईराई देवीच्या जत्रेसाठीं सर्वश्रुत आहे. ह्या गांवाला खाणींनीं चोहोंकडून घेरलें. शेतें गाळानें भरलीं, विहिरी कोरड्या पडल्या, आणि ज्या गांवाला कधीं पाणी विकत घ्यावें लागलें नव्हतें त्याच्या वाट्यास टँकर आला. तेथील शेतकऱ्यांनीं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. विहिरीचें पाणी गेलें हें सर्वांस दिसत होतें. पण तें खाणीमुळेंच गेलें हें सिद्ध करण्याचें ओझें मात्र विहिरीच्या धन्यावर येऊन पडलें. पाणलोटाच्या प्रत्येक लढ्यांत हीच अडचण असते. गेलेल्या झाडाचा बुंधा दाखवितां येतो, गेलेल्या झऱ्याचें काय दाखविणार?

दक्षिणेस सांगें तालुक्यांतील गोष्ट आणखी चटका लावणारी आहे. तेथें जुवारीला मिळणाऱ्या साळावली नदीवर धरण बांधलें गेलें. त्यासाठीं कुर्डी हें गांव १९८० च्या दशकांत पाण्याखालीं गेलें. हेंच गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर ह्यांचें गांव. सुमारें तीन हजार माणसें वाडें व वालकिणी येथें नेऊन वसविलीं गेलीं. तेथील महादेवाचें प्राचीन देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारण्यांत आलें. हिंदु, ख्रिस्ती व मुसलमान सारेच उठले, कारण दक्षिण गोव्याला पाणी पाहिजे होतें. आज त्या धरणाचें पाणी दक्षिण गोव्याच्या बहुतेक घरांत जातें. दरसाल मे महिन्यांत पाणी ओसरलें म्हणजे कुर्डीचीं जोतीं उघडीं पडतात, आणि पांगलेली माणसें तेथें येतात. हिंदु सोमेश्वराच्या उत्सवासाठीं, ख्रिस्ती आपल्या चॅपलच्या सणासाठीं. एवढा त्याग ज्या पाण्यासाठीं झाला, त्याच धरणाच्या पाणलोट क्षेत्रांत खाणींना परवानगी होती! एका खात्यानें माणसें उठवून पाणी सांठवावें आणि दुसऱ्या खात्यानें त्या पाण्याच्या माथ्यावर खणावयास लावावें, ह्याला काय म्हणावें तें वाचकांनींच ठरवावें.

ह्याच मुलखांत रिवणजवळ कोळंब नांवाचें गांव आहे. भाताचीं शेतें, काजूच्या बागा आणि झऱ्यांवर जगणारीं कुळागरें एवढीच तेथील संपत्ति. गांवच्या जमिनीचा फार मोठा भाग कोणत्या ना कोणत्या लीजाखालीं आहे हें लोकांना कळलें, तें २००७-०८ च्या सुमारास यंत्रें आल्यावर. कोळंबचे लोक रस्त्यावर बसले. त्यांत बायका पुढें होत्या. पाणी भरणें हें घरोघरीं बाईचें काम असल्यामुळें झरा गेल्याचें दुःख तिला आधीं कळतें. ग्रामसभेंत ठराव झाले, तालुक्याच्या कचेरींत अर्ज गेले, अटका झाल्या. शिकलेल्या तरुणांनीं जुने नकाशे मिळवून कोणता झरा कोणत्या सर्व्हे नंबरांत आहे ह्याची टिपणें केलीं. कारण खाणीच्या परवानगीसाठीं जे अहवाल सादर होत, त्यांत वाहते झरे व शेतें ह्यांचा पुष्कळदां उल्लेखच नसे. आमच्या मतें ह्या लढ्यांतलें सर्वांत मोलाचें काम हेंच. घोषणा दुसऱ्या दिवशीं विसरतात. झऱ्याची नोंद न्यायालयांत उभी राहते. गोव्याच्या आर्चडायोसिजची सामाजिक न्याय व शांति समिति खाणग्रस्त गांवांच्या बाजूनें उभी राहिली, हेंही येथें नमूद करणें उचित होय.

केपें तालुक्यांतील कावरें हें वेळीप समाजाचें गांव. वेळीप हे गोमंतकाचे आदिवासी. डोंगरावर नाचणी पिकविणारे, डोंगरालाच देव मानणारे. तेथें ज्या डोंगरावर खाण झाली त्याचें नांवच मुळीं देवापोण डोंगर. २०११ च्या सुमारास कावरेंच्या लोकांनीं ट्रक अडविले. त्यांचें म्हणणें साधें होतें: आमच्या झऱ्यांना काय होतें तें आधीं सांगा. पुढें त्यांनीं एक विलक्षण मागणी केली. खाण बंदच राहावी हें उत्तम. पण सरकारला ती चालवावयाचीच असेल तर ती गांवाच्या सहकारी संस्थेकडे द्यावी, म्हणजे किती खणावें, कोठें थांबावें, व कोणत्या झऱ्याला हात लावूं नये, हें ज्याला तें पाणी प्यावयाचें आहे तोच ठरवील. ह्या मागणीची पुष्कळांनीं थट्टा केली. आम्हांस ती थट्टेची वाटत नाहीं. सामाईक डोंगर सामाईक विचारानें वापरावा ही जुन्या गांवकरीचीच रीति, नव्या कायद्याच्या भाषेंत मांडलेली. मार्च २०१६ मध्यें, साठवून ठेवलेल्या खनिजाची वाहतूक अडविल्यावरून कावरेंच्या कांहीं मंडळींना अटक झाली. त्यांतील तरुण कार्यकर्ते रवींद्र वेळीप ह्यांनीं, तुरुंगांत आपल्यावर हल्ला होऊन हात मोडला, अशी तक्रार केली. ह्या वार्तेनें साऱ्या गोव्यांत खळबळ उडाली.

गांवोगांवचे हे झगडे सुटेसुटे होते. त्यांना एका धाग्यांत ओवण्याचें काम गोवा फाउंडेशन ह्या १९८६ मध्यें स्थापन झालेल्या संस्थेनें व तिचे चालक क्लॉड आल्वारिस ह्यांनीं केलें. १९९९ मध्यें, राज्यपालांच्या अंमलांत, जनरल जेकब ह्यांनीं म्हादई व नेत्रावळी हीं अभयारण्यें जाहीर केलीं होतीं. नद्यांच्या उगमाकडचा पुष्कळ भाग त्यामुळें वांचला. परंतु बाकीचा पट्टा उघडाच होता. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०१० मध्यें न्यायमूर्ति एम. बी. शहा ह्यांचा आयोग नेमला. त्याचा गोव्याविषयींचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजीं संसदेपुढें आला. बेकायदा खाणकामानें सरकारचें नुकसान सुमारें ३५,००० कोटी रुपयांचें झालें असावें, असा त्यांत अंदाज होता. तीनच दिवसांनीं राज्य सरकारनें खाणकाम थांबविलें. आणि गोवा फाउंडेशनच्या अर्जावरून ५ ऑक्टोबर २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें स्थगित केलें.

त्या हिंवाळ्यांत डिचोली-सांग्याकडच्या रस्त्यांवर एक विचित्र शांतता पसरली. २१ एप्रिल २०१४ रोजीं निकाल लागला. सर्व लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजींच संपली होती, म्हणून त्यानंतरचें सारें खाणकाम बेकायदा, असें न्यायालयानें ठरविलें. अभयारण्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आंत खणूं नये, तूर्त वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक खनिज काढूं नये, आणि विक्रीच्या रकमेचा दहावा भाग एका कायम निधींत ठेवावा, असेंही त्यांत सांगितलें. हा निधि म्हणजे मोठी विचाराची गोष्ट आहे. खनिज एकदांच निघतें. तें आजच्या पिढीनें सारें खाऊन टाकूं नये, पुढच्या पिढीचा वांटा बाजूला ठेवावा, हें तत्त्व त्यामागें आहे.

पण एक गोष्ट न सांगतां पुढें जाणें अन्यायाचें होईल. खाणी बंद झाल्या तेव्हां मोठ्या धन्यांचें काय झालें तें असो. ज्यांनीं शेतें गेल्यावर कर्ज काढून ट्रक घेतले होते, जे बार्जांवर कामाला होते, ज्यांच्या चहाच्या टपऱ्या ह्या रस्त्यांवर चालत, त्यांच्या चुली अडल्या. मांडवीच्या कांठीं बार्जें गंजत पडलीं. एकाच घरांत एक भाऊ झऱ्यासाठीं रस्त्यावर बसलेला आणि दुसरा ट्रकाच्या हप्त्यासाठीं राजधानींत मोर्चा नेणारा, अशी स्थिति झाली. सणासुदीला एकत्र बसणारीं घरें बोलेनाशीं झालीं. ट्रकवाल्याला गांवद्रोही म्हणणें सोपें आहे. परंतु त्याचें शेत आधीं गाळाखालीं गेलें आणि मग तो ट्रकवाला झाला, हा क्रम विसरतां कामा नये.

सरकारनें २०१४ च्या अखेरीस व २०१५ च्या आरंभीं लीजांचें दुसऱ्यांदा नूतनीकरण केलें, लिलाव न करतां, जुन्याच धन्यांस. नव्या कायद्यानें लिलाव सक्तीचा होण्याच्या अगदीं तोंडावर हें झालें, ही घाई कोणाच्याही डोळ्यांत भरण्यासारखी होती. पुन्हां न्यायालय. ७ फेब्रुवारी २०१८ रोजीं हीं ८८ नूतनीकरणें रद्द झालीं, आणि मार्चाच्या मध्यापासून खाणी पुन्हां थांबल्या. ह्या मधल्या काळांतच, एप्रिल २०१७ मध्यें, सत्तरींतील सोनशी गांवच्या लोकांनीं धूळ व पाणी ह्यांसाठीं ट्रक अडविले. पंचेचाळीस जणांना अटक झाली. जामिनाची रक्कम भरणें त्यांना शक्य नव्हतें, म्हणून तीं माणसें तुरुंगांत राहिलीं. ज्या डोंगरांतून कोट्यवधींचें लोखंड गेलें, त्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांजवळ जामिनाचे पैसे नव्हते.

गोव्याची हद्द ओलांडून उत्तरेस आपल्या महाराष्ट्रांत यावें तर सिंधुदुर्गांत दोडामार्ग तालुक्यांतील कळणें गांवीं हीच कथा. तेथें २००८-०९ च्या सुमारास लोखंडाच्या खाणीला गांवानें विरोध केला. तरी खाण झाली. २९ जुलै २०२१ रोजीं तिच्या खड्ड्यांत सांठलेलें पाणी बांध फोडून खालीं आलें व घरांत, शेतांत, बागांत चिखल करून गेलें. प्रा. माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनें २०११ मध्यें अहवाल दिला. तिच्या चौकशीच्या वेळीं सिंधुदुर्गांतील पंचवीस ग्रामसभांनीं, आमचा गांव संवेदनशील क्षेत्रांत घाला, असे ठराव केले होते. निर्बंध नकोत म्हणून ओरड करणारे पुष्कळ भेटतात. निर्बंध घाला म्हणून विनविणारीं हीं खेडीं शेजारच्या तालुक्यांतील तांबड्या नद्या पाहून शहाणीं झालीं होतीं. ओरिसांत नियमगिरीच्या डोंगरावर डोंगरिया कोंध लोकांनीं हेंच केलें. सर्वोच्च न्यायालयानें १८ एप्रिल २०१३ रोजीं ग्रामसभांना विचारा असें सांगितलें. बारा ग्रामसभा भरल्या, आणि बाराही जणींनीं बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला.

सातासमुद्रांपलीकडचें एक उदाहरण देतों, कारण तेथें आपल्या ख्रिस्तसभेचा हात होता. मध्य अमेरिकेंतील एल साल्वादोर हें इवलेंसें राष्ट्र. त्याचें बहुतेक पाणी लेंपा ह्या एका नदीच्या खोऱ्यांतून येतें. तेथें सोन्याच्या खाणीसाठीं परदेशी कंपनी आली. शेतकऱ्यांनीं विरोध केला. २००९ मध्यें मार्सेलो रिव्हेरा ह्या कार्यकर्त्याचा खून झाला. कंपनीनें उलट त्या राष्ट्रावरच आंतरराष्ट्रीय लवादापुढें फिर्याद केली, ती २०१६ मध्यें फेटाळली गेली. २०१७ च्या आरंभीं राजधानीच्या आर्चबिशपांनीं लोकांसह जाऊन खाणबंदीचा मसुदा विधिमंडळाला दिला, आणि २९ मार्च २०१७ रोजीं धातूंच्या खाणींवर संपूर्ण बंदी घालणारें तें जगांतलें पहिलें राष्ट्र ठरलें. डिसेंबर २०२४ मध्यें तेथील विधिमंडळानें ती बंदी उठविली. सात वर्षें, एवढेंच तिचें आयुष्य.

आपल्या तालुक्यांत लोखंड नाहीं. काळा दगड आणि खाडीची रेती आहे. इमारतींसाठीं टेकड्या फोडणाऱ्या दगडखाणी व रात्रींच्या वेळीं खाडींतून पंपांनीं होणारा रेतीउपसा ह्यांची वर्तमानपत्रांत वरचेवर वाच्यता होते. पांच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरणाची परवानगी लागेल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं दिलेला आहे. तो ग्रामपंचायतींच्या कपाटांत असावयास हरकत नाहीं. कामवारी नदीचा उगम आणि तिच्या कांठच्या विहिरी ह्यांची नोंद आपल्या युवक मंडळानें कोळंबच्या मुलांसारखी करावयास घेतली, तर आमच्या ह्या चार पानांचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.

असो. गोव्यांत २०२२ च्या डिसेंबरांत नव्या रीतीप्रमाणें खाणींचा लिलाव सुरू झाला, व पुढें कांहीं ठिकाणीं काम पुन्हां चालू झालें. लिलावांतील पहिलें क्षेत्र डिचोलीचें. त्याच्या हद्दींत शेतें तर होतींच. राहतीं घरें आणि देवळेंही होतीं. पर्यावरणाच्या जाहीर सुनावणीच्या वेळीं मुळगांव व आसपासच्या लोकांनीं हरकती घेतल्या. आमचीं घरें, देवळें, शेतें आणि तळीं आधीं लीजाच्या रेषेबाहेर काढा, मग बाकीचें बोलूं, अशी मुळगांवकरांची मागणी होती.